घर आणि गल्ला

धंद्यासाठी बँकेकडे कर्ज मागायला गेलं की प्रकल्प अहवाल द्यावा लागतो. जागेचं भाडं, यंत्रांची किंमत, कच्चा माल, मजुरी, वीजबिल, विक्रीचा अंदाज असे सगळे आकडे त्यात असतात आणि सीए तो व्यवस्थित बसवून देतात. पण ज्याच्या जिवावर हा कारभार उभा राहणार, त्या माणसाचं घर पहिली दोन वर्षं कशावर चालणार, याचा हिशोब त्या कागदांत क्वचितच नीट मांडलेला असतो. मुलांची फी, आईची औषधं, फ्लॅटचा हप्ता, पुढच्या वर्षी ठरलेलं बहिणीचं लग्न यांना तिथे जागा नसते. माझं स्पष्ट मत आहे की लहान धंदे सुरुवातीच्या वर्षांत बंद पडतात ते माल वाईट होता म्हणून कमी आणि घर थकलं म्हणून जास्त. भांडवल आणि जाहिरात यांवर मराठीत भरपूर बोललं जातं. मालकाच्या अंगावर काय येतं, त्याबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपल्याकडे वारंवार सांगितली जाते, पण बहुधा शेवटाकडून: लोखंडी नांगर, कारखाना, किर्लोस्करवाडी. सुरुवातीकडून वाचली तर ती फार वेगळी दिसते. 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या या मुलाला चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तिथे कळलं की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली. मग तो यांत्रिक रेखाटन शिकला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

या गोष्टीतला एक तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नोकरी सोडण्याआधीच त्यांचा धंदा सुरू झालेला होता. मुंबईत पगार चालू असतानाच ते सायकली विकत घेऊन बेळगावला बंधू रामुअण्णांकडे पाठवत. रामुअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात आजही त्या सायकलच्या दुकानापासून, 1888 सालापासून मोजतो. म्हणजे अपमान झाला आणि माणूस तिरीमिरीत राजीनामा देऊन रस्त्यावर आला, असं झालेलं नाही. पाय ठेवायला जागा आधीच तयार होती.

पुढे कडबा कापायची यंत्रं आली, मग लोखंडी नांगर आला. तो पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल चांगला, किंमत रास्त, गरज खरी, आणि तरीही दोन वर्षं गिऱ्हाईक नाही. आज नवा धंदा काढणारा माणूस पहिल्या तीन महिन्यांत विक्री झाली नाही की स्वतःच्या अकलेवर शंका घेऊ लागतो. घरातलेही घेऊ लागतात. लक्ष्मणरावांना ती दोन वर्षं काढता आली, त्यात जिद्दीचा वाटा होताच, पण हाताशी पोट भरणारं दुसरं काम होतं हेही तितकंच खरं. जिद्दीचं कौतुक करताना या दुसऱ्या कामाचा उल्लेख गाळला जातो, आणि तो गाळल्यामुळे ऐकणाऱ्या तरुणाची दिशाभूल होते.

त्यानंतर बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती म्हणून कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली. 1910 साली तिथे वसाहत उभी राहू लागली, तेव्हा ती जागा म्हणजे निवडुंग माजलेला आणि सापांनी भरलेला माळ होता. किर्लोस्करांच्या घरच्या बायकामुलांनी आणि कामगारांच्या कुटुंबांनी त्या माळावर संसार मांडले. राहत्या गावातून उठून तिथे जायचं, ही जोखीम एकट्या लक्ष्मणरावांनी घेतलेली नव्हती. कारखान्याच्या इतिहासात याची नोंद एका ओळीत होते. ज्या बाईने त्या माळावर पहिली चूल पेटवली असेल, तिच्यासाठी ती एक ओळ नक्कीच नव्हती.

म्हणून धंद्याचा विचार पक्का झाला की पहिली बैठक घरात व्हायला हवी, आणि ती आकड्यांची व्हायला हवी. घर महिन्याला किमान किती पैशांत चालतं, हा आकडा बहुतेक पगारदार घरांना माहीतच नसतो, कारण पगार येतो आणि जातो. मागच्या वर्षभराचं बँक पासबुक घेऊन बसलं तर तो एका संध्याकाळी निघतो. त्यात वर्षातून एकदाच येणारे खर्च मिळवायचे: विम्याचे हप्ते, शाळेची वर्षारंभीची फी, गणपती-दिवाळी, गावाकडची जत्रा. निदान एक वर्ष पुरेल एवढी रक्कम धंद्याच्या भांडवलाला हात न लावता बाजूला काढता येत नसेल, तर नोकरी अजून सोडू नये, असं मी कोणालाही सांगेन. ज्यांच्या घरात दुसरा पगार आहे त्यांचं थोडं कमी रकमेत भागेल. पण मग तो पगार आणणाऱ्या माणसाला स्पष्ट विचारायला हवं की पुढची दोन वर्षं घर एकट्याने ओढायची तुझी तयारी आहे का. गृहीत धरलेली संमती सहाव्या महिन्यात संपते.

नोकरीबरोबर पगारापलीकडेही बरंच जातं. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी, किंवा कंपनीच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय वापरावी. गृहकर्जाचंही तसंच. पगारदाराला तीन महिन्यांच्या पगारपत्रकांवर कर्ज मिळतं. धंदेवाल्याकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात. घर घ्यायचं ठरलेलं असेल तर कोणती गोष्ट आधी करायची, याचा विचार राजीनाम्यापूर्वी व्हायला हवा.

धंदा सुरू झाल्यावर सगळ्यात मोठी गल्लत होते ती पैशांची. एकच खातं. गिऱ्हाइकाचे पैसे त्यातच येतात, किराणाही त्यातूनच जातो. महिनाअखेरीस खात्यात दीड लाख दिसतात आणि माणूस सुखावतो, पण त्यातले साठ हजार कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याचे असतात आणि काही हजार सरकारचे. वस्तू व सेवा कराची गंमत न कळल्यामुळे अनेक जण पहिल्याच वर्षी अडचणीत येतात, म्हणून ती इथे सांगतो. तुम्ही लाख रुपयांच्या कामाचं बिल केलंत आणि त्यावर 18 टक्के कर असेल, तर ते 18,000 रुपये तुमचे कधीच नसतात. कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट जाऊन उरलेली रक्कम, मासिक विवरण भरणाऱ्याला, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावी लागते. गिऱ्हाइकाने पैसे दिलेत की नाही, याच्याशी त्या तारखेचा संबंध नाही. पैसे आले नसतील तर कर खिशातून जातो.

यावर एकच उपाय मला ठाऊक आहे. धंद्याचं चालू खातं वेगळं ठेवायचं आणि मालकाने त्यातून दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम घ्यायची, नोकराला पगार देतात तशी. सुरुवातीला ती दहा हजार असेल, तर दहा हजार. एखाद्या महिन्यात जास्त गल्ला जमला म्हणून जास्त उचल करायची नाही. घरालाही त्यामुळे किती पैशांवर विसंबायचं ते कळतं.

आता वसुली. भोसरीतला जॉबवर्क करणारा असो, इचलकरंजीतला यंत्रमागवाला असो की सातपूरचा फॅब्रिकेटर, दोन वाक्यं कोणाकडूनही ऐकायला मिळतात: "काम भरपूर आहे" आणि "पेमेंट अडकलंय." कायदा याबाबतीत लहान उद्योजकाच्या बाजूने आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली, की अशी थकवलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. अट एवढीच की उद्यम नोंदणी वेळेत केलेली हवी, आणि निव्वळ व्यापार करणाऱ्यांना हे संरक्षण मिळत नाही.

इतकं असूनही पैसे अडकतात, कारण मागणारा मागत नाही. इथे अडचण कायद्याची राहत नाही, ती आपल्या वळणाची होते. पैसे मागणं म्हणजे हलकेपणा, हे मराठी मध्यमवर्गीय घरांत लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. शेजारच्या काकूंना उसनी दिलेली वाटीभर साखरही आपण परत मागत नाही. तोच माणूस चाळिशीत वर्कशॉप काढतो आणि चार महिने थकलेल्या बिलासाठी फोन करताना आधी पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारतो. समोरचा "सोमवारी बघू" म्हणतो आणि हा "काही घाई नाही" म्हणून फोन ठेवतो. घाई असते. शनिवारी कामगारांचा पगार असतो.

दुसरी भीती असते गिऱ्हाईक तुटण्याची. मोठी कंपनी महिन्याचं सत्तर टक्के काम देत असेल तर तिच्याविरुद्ध पोर्टलवर जायला छाती होत नाही, आणि या भीतीला मी भ्याडपणा म्हणणार नाही. ती परिस्थितीतून आलेली असते. उपाय हळूहळूच करावा लागतो. एकाच पार्टीवर विसंबून राहणं कमी करत न्यायचं. प्रत्येक बिलावर देय तारीख छापायची. ऑर्डर तोंडी न घेता लेखी घ्यायची. आणि वसुलीचा फोन मालकाने स्वतः न करता हिशोब बघणाऱ्या माणसाने करायचा. हे शेवटचं फार साधं दिसतं, पण ज्यांनी ते केलं त्यांच्या मनावरचं ओझं लक्षणीय उतरल्याचं मी पाहिलं आहे. "सर, आमच्याकडे पंधराच्या आत हिशोब बंद करायचा असतो" हे वाक्य मालकाच्या तोंडी अवघड जातं. हिशोबनीस ते सहज बोलतो.

घराच्या दृष्टीने याहून गंभीर गोष्ट आहे सहीची. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर कायद्याच्या नजरेत धंदा आणि माणूस वेगळे नसतात. धंद्याचं कर्ज हे त्याचं स्वतःचं कर्ज. भागीदारीत, 1932 च्या कायद्याप्रमाणे, प्रत्येक भागीदार संस्थेच्या संपूर्ण देण्याला एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. म्हणजे भाऊ किंवा मेहुणा हात वर करून मोकळा झाला तर अख्खी रक्कम तुमच्याकडून मागता येते. खासगी मर्यादित कंपनी किंवा एलएलपी काढली की जबाबदारी मर्यादित होते, हे बरोबर आहे. पण बँक कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेते आणि त्या एका सहीने मर्यादा पुन्हा निघून जाते. 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. राहतं घर तारण दिलं असेल आणि हप्ते 90 दिवसांहून अधिक थकले तर खातं अनुत्पादक ठरतं. त्यानंतर बँक सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात न जाता, तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. शेतजमीन तेवढी या कायद्यातून वगळलेली आहे.

मी हे घाबरवायला लिहीत नाही. पण बँकेच्या टेबलावर पत्नी सहतारणदार म्हणून जिथे जिथे पेन्सिलची फुली आहे तिथे सह्या करते आणि कशावर केल्या ते तिला कोणी सांगत नाही, हे थांबायला हवं. सही करण्याआधी कागद घरी आणून एकदा मोठ्याने वाचावेत. दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मुद्रा योजनेतलं कर्जही विनातारण असतं. गरज तेवढीच असेल तर राहतं घर मुळात टेबलावर आणूच नये.

काही गोष्टी धंद्याच्या देणेकऱ्यांपासून दूर ठेवायची सोय कायद्यातच आहे. 1874 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आजही लागू आहे. विवाहित पुरुषाने आयुर्विमा घेतानाच या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे घोषणा केली, तर त्या पॉलिसीची रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी म्हणून राहते. देणेकरी तिला हात लावू शकत नाहीत, देणी बुडवायच्या हेतूनेच ती घेतली असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. अर्ज एका पानाचा असतो, पण पॉलिसी घेतानाच भरावा लागतो, नंतर नाही. भविष्य निर्वाहासाठीच्या पीपीएफ खात्यातली शिल्लकही खासगी कर्जवसुलीच्या कोर्टाच्या हुकमाने जप्त होत नाही. धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने या दोन गोष्टी पहिल्या महिन्यात करून टाकाव्यात.

बायकांच्या वाट्याला यातलं सगळं येतं आणि वर आणखी येतं. पुरुष धंदा काढतो तेव्हा घर त्याच्याभोवती वेळ मोकळा करून देतं. बाई डबे सुरू करते किंवा शिवणकाम घेते, तेव्हा ते ‘घरबसल्या’ समजलं जातं आणि घरातलं एकही काम कमी होत नाही. तारण द्यायला तिच्या नावावर बहुधा काही नसतं. म्हणूनच लिज्जत पापडची सुरुवात मला फार मोठी वाटते. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी उसन्या 80 रुपयांवर काम सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोटा झाला तरी कोणाकडून देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी आरंभीच ठरवलं. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. चार महिने कमाई शून्य असताना त्या बायका टिकल्या, कारण नफा, तोटा आणि निर्णय सातही जणींचे होते. एकटीने काढलेला धंदा कदाचित त्या पावसातच बुडाला असता. आज बचतगटातून धंदा करणाऱ्या स्त्रिया हेच बळ वापरतात.

एकटेपणा पुरुषांनाही खातो, फक्त ते तो बोलून दाखवत नाहीत. कामगारांसमोर चिंता दाखवता येत नाही, बँकेसमोर तर नाहीच, आणि घरी सांगितलं तर "आम्ही तेव्हाच म्हणत होतो" ऐकावं लागेल म्हणून तिथेही गप्प. झोप उडते, जेवणाच्या वेळा जातात, मुलांवर विनाकारण ओरडणं होतं. आपल्याच क्षेत्रातल्या, पण आपल्याशी स्पर्धा नसलेल्या दोन-तीन मालकांशी महिन्यातून एकदा मोकळेपणाने बोलणं, याचा आधार फार मोठा असतो. मन त्यापलीकडे गेलं असेल, जगणंच नकोसं वाटू लागलं असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. कर्जाच्या ताणातला माणूस डॉक्टरकडे जायलाही लाजतो. त्याच्या घरच्यांनी तरी हा क्रमांक जवळ ठेवावा.

थांबायचं कुठे, हेही सुरुवातीलाच, डोकं शांत असताना ठरवावं. किती रकमेपर्यंत, किती महिन्यांपर्यंत, हे कागदावर लिहून घरातल्या एका माणसाकडे द्यावं. पत्नीचे दागिने आणि आईवडिलांची ठेव त्या रेषेच्या पलीकडे असावी. वेळेवर बंद केलेल्या धंद्याची देणी फिटतात आणि माणूस पुन्हा उभा राहू शकतो. अब्रूसाठी वर्षभर ओढलेला धंदा सोबत नातेवाइकांचे पैसेही घेऊन जातो.

आणि जे स्वतः धंदा करत नाहीत त्यांना एक विनंती. तुमच्या भाच्याने प्रिंटिंगचं दुकान काढलं असेल, मैत्रिणीने दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली असेल, तर ओळखीचा भाव मागू नका आणि "देतो नंतर" म्हणू नका. ज्या दिवशी वस्तू हातात येईल त्याच दिवशी पूर्ण पैसे द्या. ज्या कंपनीत तुम्ही नोकरी करता तिथे लहान पुरवठादाराचं बिल तुमच्या टेबलावर सहीसाठी पडून असेल, तर आजच ते पुढे सरकवा.